कानिफची खरी तारीख

आमच्या बेलपिंपरीत पोळ्याच्या संध्याकाळी कातकड्यांच्या दारात एक गंमत असायची. बैल वेशीतून मिरवून परत आले की रतनमावशी ताट घेऊन बाहेर यायच्या. आधी थोरल्या बैलाला ओवाळायच्या, मग धाकट्याला, दोघांना पुरणपोळीचा घास द्यायच्या, आणि मग त्याच ताटाने, त्याच निरांजनाने, बैलांच्या शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लेकाला ओवाळायच्या. कारण कानिफ पोळ्याचा. आम्ही पोरं त्या वेळी मुद्दाम जमायचो आणि ह्याची शिंगं कधी रंगवणार, म्हणून विचारायचो. कानिफ हलायचा नाही. कपाळावर कुंकू, त्यावर तांदळाचे दोन दाणे, आणि तोंडात पुरणपोळी. आम्हाला त्यातलं काही मिळायचं नाही, हे तो आमच्याकडे बघून नीट कळू द्यायचा.

कागदावर मात्र कानिफनाथ कारभारी कातकडे याचा जन्म एक जून एकोणीसशे पन्नासचा. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या वर्गात एकतीस पोरं होती आणि त्यातली अठ्ठावीस एक जूनची. इतक्या पोरांना एका दिवशी जन्माला घालण्याचा पराक्रम माझ्या वडिलांचा. नृसिंह मुळे गुरुजी, बेलपिंपरीच्या शाळेचे हेडमास्तर, आमचे अण्णा. जूनमध्ये शाळा उघडली की ते वाड्यावस्त्यांवर फिरून पोरं गोळा करायचे, ओळीने उभी करायचे आणि प्रत्येकाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग मागे सहा वर्षं मोजायची आणि एक जून लिहायचं. कानिफचे हात लांब. त्याचा कान पहिल्या झटक्यात हाताला लागला.

वर्गातल्या उरलेल्या तिघांमध्ये मी होतो. माझी तारीख तासा-मिनिटांसकट नोंदलेली, कारण मी गुरुजींचा मुलगा आणि गुरुजी सुट्टीच्या दिवशी गावाचं भटपणही बघायचे. लग्नाचे मुहूर्त, वास्तुशांती, पत्रिका, सगळं त्यांच्याकडे. घरात चाळीस वर्षांची पंचांगं ओळीने लावलेली होती. ही गोष्ट मला पुढे फार टोचली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली तेव्हा कानिफ आणि मी नगरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, एका हॉस्टेलात, एका खोलीत. नगरच्या पोरांना फौजेचं अप्रूप नाही, तिथे रणगाड्यांची छावणी, ते रस्त्यावरून जाताना आम्ही रोजच बघायचो. पण त्या दिवसांत सगळ्यांना विमानांनी वेड लावलं. जानेवारीत हॉस्टेलच्या वाचनालयातल्या पेपरात हवाई दलाची जाहिरात आली. पायलट व्हायचं होतं त्यांनी अर्ज करायचा होता. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं चालत होती. अट अशी की जन्म एक जानेवारी पन्नासच्या आधीचा नसावा.

जाहिरात मी मोठ्याने वाचली आणि खोलीभर येरझाऱ्या घालत सांगितलं की मी पायलट होणार. कानिफने पेपर माझ्या हातातून घेतला, पुन्हा सगळा वाचला, आणि घडी घालून उशीखाली ठेवला. वाचनालयाचा पेपर होता, त्याबद्दल आम्हाला नंतर बोलणी बसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. लहानपणी रानावरून उंच विमान गेलं की हा औत थांबवून, ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभा राहायचा आणि कारभारीकाका बांधावरून शिव्या द्यायचे. पण मला माझ्या पायलटगिरीपुढे दुसरं काही दिसत नव्हतं. कानिफ सोबतीला येतोय, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

अर्जात उंची, वजन आणि पायांची लांबी लिहायची होती. पाय मोजायला आम्ही शेवगावात काकासाहेब शिंप्याकडे गेलो. काकासाहेबांनी टेप काढून विचारलं, पँट कशी पाहिजे, खाली पायाशी मोरी मोठी ठेवायची का. मी म्हणालो, पँट नको, विमान चालवायचंय, नुसते पाय मोजा. त्यांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे बघितलं, दोघांचेही पाय तीन-तीनदा मोजले, आणि जाताना म्हणाले की पायात कानिफ भारी आहे, पण पोटात मी. दुकानातली माणसं हसली. मीही हसलो, पण मनातून मला ते आवडलं नाही.

मेमध्ये परीक्षा संपली आणि डेहराडूनचं बोलावणं आलं, दोघांनाही. मनमाडहून दिल्लीची गाडी धरायची, दिल्लीहून पुढे. रतनमावशींनी आठ दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. माझ्या आईने, दमयंतीबाईंनी, लाडू दिले आणि वर गणपतीचा अंगारा. अण्णांनी मुहूर्त काढून दिला, तोसुद्धा दोघांना मिळून एकच. भोपाळच्या पुढे कुठेतरी, दशमी खात, खिडकीबाहेर बघत कानिफ म्हणाला, "शाम्या, मला हे लई पाहिजे." एवढंच. मी काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसरी भाकरीसुद्धा मागून घेतली नाही, त्याने काहीतरी पाहिजे म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

डेहराडूनला आमच्या तुकडीत नगरकडचा आणखी एक होता, पारनेरचा मच्छिंद्र. गोरागोमटा, बोलका, इंग्रजीत माझ्याही पुढे. पहिल्याच दिवशी यंत्रावर बसवण्याची परीक्षा असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की पायलटचं दार कायमचं बंद. समोर काचेवर प्रकाशाचा एक ठिपका असतो आणि तो सारखा पळत असतो. हातातला दांडा आणि पायाखालची पेडलं हलवून तो मधोमध ठेवायचा, आणि त्यातच बाजूचे लाल दिवे लागले की विझवायचे. मी त्या ठिपक्याच्या मागे असा धावलो की शेवटी तो काचेच्या कुठल्या कोपऱ्यात गेला हे मलाही सांगता येईना. संध्याकाळी यादी लागली. माझा नंबर नव्हता. मच्छिंद्रचा होता. कानिफचा होता.

मी विचारलं, तू केलंस काय? तो जरा ओशाळून म्हणाला की काही नाही, बैल हाकताना कासरा फार ओढला तर तो आणखी भलतीकडे जातो, तसंच होतं ते, हलका हात ठेवला. मला त्याचा मनापासून राग आला आणि त्याच वेळी आनंदही झाला. दोन्ही खरं आहे. निघताना माझे उरलेले लाडू मी त्याला दिले आणि एकटा परत आलो.

गावात आल्यावर लोकांना तोंड दाखवणं मला जड जाईल असं वाटलं होतं, पण कोणाला माझी चौकशीच नव्हती. सगळे विचारत, कानिफचं काय झालं. रतनमावशी रोज सकाळी दूध घालायला आमच्याकडे यायच्या आणि उंबऱ्यापाशी थांबून माझ्याकडे बघायच्या. अजून काही कळलं नाही म्हटलं की मान हलवून जायच्या. कारभारीकाका नुसते लांबून खाकरायचे.

सोळाव्या दिवशी दुपारच्या एसटीने कानिफ उतरला. मी स्टँडवरच होतो. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही पारावर बसलो आणि त्याने सगळं सांगितलं. बोर्डाने त्याला पसंत केलं होतं. तिथूनच दिल्लीला मेडिकलला पाठवलं, त्यातही तो पास झाला. मी उडीच मारली. तो म्हणाला, थांब, पुढचं ऐक.

मुलाखत घेणारे साहेब विंग कमांडर होते, पिळदार मिशांचे. त्यांच्यापुढे आधी मच्छिंद्र जाऊन आला होता. कानिफचे कागद बघून साहेबांनी विचारलं, "आत्ता गेला तो तुझा जुळा भाऊ का? तुम्ही दोघे एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी जन्मलात." कानिफने सांगितलं की नाही सर, आमच्याकडे सगळेच एक जूनला जन्मतात. साहेब हसले. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं की घरी वाढदिवस कसा करता. मच्छिंद्रने या प्रश्नाला शांतपणे पेढे वाटतो म्हणून सांगितलं होतं. आमच्या शहाण्याने सांगितलं, "बैलांबरोबर ओवाळतात, सर. पोळ्याला."

साहेबांना पोळा समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. कानिफने बैलांच्या झुली, शिंगांचे गोंडे, आईचं ताट, सगळं रंगवून सांगितलं. त्याला वाटलं, मुलाखत फार छान चालली आहे. मग साहेबांनी विचारलं की हा सण येतो कोणत्या महिन्यात. ऑगस्ट किंवा सप्टेंबर, सर. आणि मग तुझा जन्म जूनमधला कसा?

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. पण कानिफला खोटं बोलता येत नाही. म्हणजे तो फार मोठा सत्यवादी होता असं नव्हे, त्याला खोटं सुचायलाच उशीर लागतो, आणि तोवर खरं बोलून होतं. त्याने गुरुजी, उजवा हात, डावा कान, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी विचारलं, मग कोणत्या सालचा पोळा? कानिफ म्हणाला, माहीत नाही. एकोणपन्नासचा असला तर तू वयात बसत नाहीस, हे तुला माहीत आहे का? कानिफ म्हणाला, "आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं, सर."

शेवटच्या दिवशी नावं वाचली तेव्हा बोर्डाच्या प्रमुखांनी त्याला बाजूला घेतलं. दाखल्यावरची तारीख आम्हाला पुरली असती, ते म्हणाले, पण तू जे स्वतःच्या तोंडाने सांगितलंस ते आता आमच्या कागदावर आलं आहे. साल पन्नासचंच आहे, हे पंधरा जूनपर्यंत पुराव्याने दाखव. दाखवलंस तर तुझी जागा आहे. नाही तर नाही.

मी त्याला तिथेच पारावर शिव्या घातल्या. पेढे म्हणायला काय झालं होतं? तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, आईने एकवीस वर्षं ओवाळलं, ते मी झालंच नाही असं कसं म्हणू?

पुराव्यासाठी आम्ही कामाला लागलो. जन्माची नोंद गावच्या कोतवालाच्या वहीत असते, पण कानिफ पहिलटकरणीचा, म्हणून तो आईच्या माहेरी जन्मला. माहेर गोदावरीपलीकडे, पैठणच्या बाजूला, म्हणजे तेव्हा नुकतंच निजामाच्या राज्यातून सुटलेलं. तिथे जाऊन आम्ही दोन दिवस घालवले. लोकांनी जेवू घातलं, कानिफच्या आजोबांच्या आठवणी सांगितल्या, पण त्या दोन-तीन सालांची वही कोणाला सापडली नाही. बहुधा ती लिहिलीच गेली नव्हती. राहिला एकच माणूस, ज्याने ती तारीख लिहिली होती.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णांच्या शाळेच्या रजिस्टरात तीस वर्षांत एकही खाडाखोड नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांना ते आधी रजिस्टर दाखवायचे आणि मग पोरं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. अशा माणसापुढे जाऊन, तुमची तारीख अंदाजपंचे होती असं लिहून द्या, हे म्हणायचं कोणी? कानिफ तयार होईना. मला धीर होईना. आईने तर सांगूनच टाकलं की पेन्शनच्या तोंडावर असलं काही त्यांच्याकडून लिहून घेऊ नका.

शेवटी रतनमावशीच आल्या. दुधाची कासंडी खाली ठेवली आणि नेहमीसारख्या उंबऱ्यापाशी न थांबता ओसरीवर येऊन बसल्या. अण्णा झोपाळ्यावर होते. मावशींनी पदर सावरून सगळं सांगितलं. अण्णांचा चेहरा कडक होत गेला. ते म्हणाले की तारीख योग्यच आहे, शाळेचा दाखला हाच पुरावा, आणि पोळा काय, दरवर्षी येतो. कोणता पोळा म्हणून सांगणार?

"सोमवार हुता, गुरुजी," रतनमावशी म्हणाल्या. "शेवटचा सरावनी सोमवार आन् पोळा एकाच दिशी. घरात पुरनाचा घमघमाट, आन् माजा उपास. येना सुरू झाल्या तरी पोटात अन्नाचा कन न्हाई. ते मी ईसरंल व्हय?"

अण्णांचा झोपाळा थांबला. त्यांनी विचारलं, आणखी काही आठवतं का. मावशी म्हणाल्या, सगळंच आठवतं. त्या साली धोंड्याचा महिना होता. जावयाला धोंड्याचं जेवण म्हणून कारभारीकाकांना सासरी बोलावलं, तांब्याच्या ताटात अनारसे दिले, त्यातले निम्मे त्यांनी वाटेतच खाल्ले. त्यांच्याबरोबर मावशीही माहेरी गेल्या, आणि सातवा महिना लागल्यामुळे तिथेच राहिल्या.

अण्णा उठले. आतल्या फळीवरून त्यांनी दोन पंचांगं काढली, धूळ झटकली आणि ओसरीवर मांडी घालून बसले. मी आणि कानिफ दाराआड उभे. शके अठराशे एकाहत्तर, म्हणजे सन एकोणपन्नास. अधिक महिना नाही. श्रावण अमावास्या, पोळा, मंगळवार. त्यांनी ते मिटलं. शके अठराशे बहात्तर, सन पन्नास. अधिक आषाढ. त्यांचं बोट श्रावणावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. पोळा, सोमवार, अकरा सप्टेंबर.

कानिफने माझा दंड इतका घट्ट धरला की मला ओरडावंसं वाटलं. पन्नास. तो वयात बसत होता, चांगला आठ महिन्यांनी बसत होता.

मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. ही दोन्ही पंचांगं छप्पन सालीही त्याच फळीवर होती. माझा जन्म त्यांनी घटका-पळांसकट मांडला, आणि चार घरं पलीकडच्या या बाईला एक प्रश्न विचारायला त्यांना सोळा वर्षं लागली. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा जोरातच. आई आतून माझ्या नावाने ओरडली. अण्णा रागावले नाहीत. ते पंचांगाकडेच बघत राहिले आणि हळू म्हणाले, "खरं आहे. विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ते कोट घालून आमच्याबरोबर शेवगावच्या कचेरीत आले. प्रतिज्ञापत्र लिहिणारा कारकून त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. गुरुजी दिसताच तो उठून उभा राहिला, आणि हकीकत ऐकल्यावर त्याने आपणहून एक सोय सुचवली. सदर तारीख नजरचुकीने लिहिली गेली, एवढं पुरे आहे, त्यात तुमच्याकडे बोट राहत नाही. अण्णांनी त्याच्या हातातून टाक घेतला.

"नजरचूक नव्हे," ते म्हणाले. "नजर तिकडे गेलीच नव्हती." आणि आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं की मुलाची जन्मतारीख मी पालकांना न विचारता, माझ्या अंदाजाने लिहिली. खाली सही, हुद्दा, शाळेचं नाव. रतनमावशींची जबानी वेगळ्या कागदावर, खाली त्यांचा अंगठा. पंचांगाची दोन पानं अण्णांनी स्वतः उतरवून काढली आणि वर इंग्रजीत अर्थ लिहिला. अधिक महिन्याला आणि धोंड्याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचा एसटीत बसल्यावरही वाद चालू होता. डेहराडूनच्या त्या साहेबांनी अनारशांची हकीकत वाचली असेल तेव्हा त्यांची मिशी कशी हलली असेल, हे बघायला मला फार आवडलं असतं.

कागद रजिस्टर पोस्टाने गेले आणि वाट बघणं सुरू झालं. पंधरा जून उलटला. कानिफ रानात जायचा, आल्यावर आधी पोस्टमनची चौकशी करायचा आणि मग पाणी प्यायचा. त्याला पायलट व्हायचंय हे आता तो बोलून दाखवायचा, माझ्यापाशी, कारभारीकाकांपाशी, कोणापाशीही. एकदा त्याने मला विचारलं की नाहीच झालं तर काय करायचं. मी म्हणालो, औत आहेच की. तो हसला नाही.

तेवढ्यात शाळा उघडली. नव्या पोरांची भरती होती. अण्णा त्या सकाळी घरून निघाले ते बगलेत सहा-सात पंचांगं घेऊन. मी काम नसल्यामुळे मागोमाग गेलो. शाळेच्या ओट्यावर त्यांनी सतरंजी अंथरली, रजिस्टर मांडलं, आणि आलेल्या पोरांना कान धरायला न लावता त्यांच्या आयांना पुढे बोलावलं. बायांना आधी कळेचना. मग एकेक बोलू लागली. कोणाचं पोरगं भैरोबाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी झालेलं, कोणाचं विहिरीला पाणी लागलं त्या रात्री, छबूबाईची मुलगी नागपंचमीच्या झोक्यावरून उतरल्यावर. अण्णा साल विचारत, वार विचारत, पंचांग चाळत, आणि तारीख लिहीत. एका पोराला पाऊण तास लागला. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली, पण एकही बाई कंटाळून घरी गेली नाही. आपल्या बाळंतपणाची हकीकत गुरुजी रजिस्टर उघडून ऐकून घेताहेत, ही गोष्ट त्यांना फारच पसंत पडली होती. मधूनच त्या एकमेकींची सालं दुरुस्त करत होत्या.

दुपारी पोस्टमन सायकल हाणत सरळ शाळेत आला. कातकड्यांच्या घरी कोणी नव्हतं, आणि पाकिटावर सरकारी शिक्का होता, म्हणून त्याने ते गुरुजींकडेच आणलं. मी रानाकडे धावलो. कानिफ माझ्या हाकेनेच समजला आणि औत तसंच सोडून निघाला. मागून रतनमावशी, खुरपं हातातच. आम्ही आलो तोवर ओट्यावर बायांचा घोळका झाला होता. अण्णांनी पाकीट फोडलं नव्हतं. ते त्यांनी कानिफच्या हातात दिलं.

कानिफने वाचलं. मग अण्णांपुढे धरलं. अण्णांनी चष्मा नीट बसवून इंग्रजीत वाचलं आणि मराठीत सांगितलं. वयाचा पुरावा मान्य केला आहे. कानिफनाथ कारभारी कातकडे यांची पायलटच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली आहे. दहा जुलैला हजर व्हावं.

बाया एकदम बोलू लागल्या. मी कानिफला मिठी मारली, त्याच्या अंगाला मातीचा आणि घामाचा वास होता आणि तो हुंदके देत हसत होता. माझं विमान गेलं ते गेलं, पण त्या क्षणी मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. रतनमावशी ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

गलका जरा थांबल्यावर अण्णा उठून त्यांच्यापाशी गेले. एवढ्या बायांसमोर, उभ्याने, ते म्हणाले, "रतनबाई, माझं चुकलं होतं. माझ्या एका ओळीपायी पोराचं सगळं गेलं असतं."

मावशींनी डोळे पुसले. "आसं नका म्हनू, गुरुजी. त्याला साळंत घातला त्या साली ह्येंनी त्याला गुरांमागं धाडायचं ठरवलं हुतं. तुमी खरी तारीख इचारली आसती, तर म्हनला आसता, आजून सहाचा न्हाई, फुडल्या साली आना. फुडल्या सालाला त्यो गुराखी झाला आसता." मग त्या उठल्या आणि खुरपं कमरेला खोचलं. "तारीख तुमची, पोरगं माजं. दोनी लागलं तवा झालं."

अण्णा सतरंजीवर येऊन बसले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि रांगेतल्या पुढच्या बाईला जवळ बोलावलं.